गांधीलमाशीवरचा आरसा

सबमिशनच्या गडबडीतून कधीतरी पाच मिनिटं काढा आणि आपल्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. तिथल्या टू-व्हीलर्सचे आरसे नुसते मोजा. काही गाड्यांना दोन आरसे सापडतील, काहींना एकच. काहींचे आरसे लूक खराब होतो म्हणून गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात काढून कपाटात ठेवलेले असतील. आणि ज्यांना दोन्ही आहेत, त्यातल्या कित्येकांत मागचा रस्ता दिसण्याऐवजी चालवणाऱ्याचा भांग दिसेल!

आरसा ही आपल्याला इतकी क्षुल्लक वस्तू वाटते, की तिच्यामागे कुणा इंजिनिअरचं आयुष्य, एक मोठा वाद आणि काही माणसांचे जीव असतील असं मनातही येत नाही. या लेखात मी अशाच एका इंजिनिअरची गोष्ट सांगणार आहे. क्विझवाल्या मंडळींना त्याचं नाव एका ओळीपुरतं पाठ असतं : इंडियानापोलिस 500 या शर्यतीचा पहिला विजेता, रे हॅरून. पण त्या एका ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे बरंच काही आहे.

रे हॅरूनचा जन्म 12 जानेवारी 1879 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्पार्टन्सबर्ग या छोट्या गावी झाला. म्हणजे तो जन्मला तेव्हा मोटारगाडी नावाची वस्तू अजून बाजारात यायची होती. रस्त्यावर घोडे होते, बग्ग्या होत्या आणि धूळ होती. तो वयात आला तोपर्यंत मोटार अवतरली होती, आणि त्या पिढीतल्या हाताने काम करणाऱ्या हुशार पोरांना जी ओढ लागली तीच त्यालाही लागली. आपल्याकडे जसं एखाद्याला कॉम्प्युटर उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तसंच. 1903 साली शिकागो ते न्यूयॉर्क हे अंतर मोटारीने कमीत कमी वेळात कापण्याचा जो विक्रम झाला त्यात त्याचा सहभाग होता, आणि 1904 मध्ये तो विक्रम पुन्हा मिळवण्यातही होता. 1905 पासून तो रीतसर शर्यतीत उतरू लागला.

त्याच काळात, 1904 साली, त्याने एक साधी गोष्ट पाहिली. एका घोडागाडीवर मागचं दिसावं म्हणून आरसा लावलेला होता. बस, एवढंच. ही आठवण त्याने पुढे स्वतःच सांगितली आहे. म्हणजे आरशाची कल्पना आपली स्वतःची, आपण ती शून्यातून काढली, असा दावा त्याने केला नाही. तसं पाहिलं तर इंग्लंडमधली मोटारचालक डोरोथी लेव्हिट हिनेही 1909 मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात मोटार चालवणाऱ्या बायकांना जवळ हातआरसा ठेवण्याचा आणि अधूनमधून तो वर धरून मागचं पाहण्याचा सल्ला दिला होता. तेव्हा आरशाचा शोध कुणी लावला या भांडणात आपण पडायला नको. कल्पना हवेत होती. पण पाहिलेली गोष्ट सात वर्षं डोक्यात जपून ठेवणं आणि नेमकी गरज पडल्यावर ती बाहेर काढणं, हे मात्र हॅरूनने केलं.

ती गरज कशी पडली हे समजायला आपल्याला इंडियानापोलिसला जावं लागेल.

इंडियाना राज्यातलं हे शहर त्या वेळी मोटार कारखान्यांनी गजबजलेलं होतं. तिथे नॉर्डाइक अँड मार्मन नावाची कंपनी होती. मूळची ही कंपनी पिठाच्या गिरण्यांची यंत्रं बनवणारी! पण हॉवर्ड मार्मन या इंजिनिअरने तिथे मोटारी बनवायला सुरुवात केली, आणि या मार्मन कंपनीत हॅरून इंजिनिअर म्हणूनही होता आणि शर्यतीचा चालक म्हणूनही. आज ही दोन माणसं वेगळी असतात. एक ट्रॅकवर असतो, दुसरा लॅपटॉपसमोर. हॅरूनच्या बाबतीत ज्याने ड्रॉइंग केलं तोच स्टिअरिंगवर बसायचा, त्यामुळे डिझाइनमध्ये कुठे आळस केला तर त्याची किंमत कोण मोजणार हा प्रश्नच नव्हता. त्याच्या या अभ्यासू स्वभावामुळे लोक त्याला छोटा प्रोफेसर म्हणायचे.

1909 साली याच शहरात अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे 4 किलोमीटरचा एक शर्यतीचा ट्रॅक बांधला गेला. कार्ल फिशर या उद्योगपतीचं ते स्वप्न होतं. पहिल्यांदा त्याचा पृष्ठभाग खडी आणि डांबर यांचा होता. ऑगस्ट 1909 मध्ये तिथे मोटारींच्या शर्यती झाल्या आणि तो पृष्ठभाग उखडला. त्या तीन दिवसांत पाच माणसं मेली. त्यातला एक चालक होता, दोन प्रेक्षक होते, आणि उरलेले दोघे होते रायडिंग मेकॅनिक.

हा रायडिंग मेकॅनिक म्हणजे कोण, ते नीट सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. त्या काळातल्या शर्यतीच्या गाडीत दोन माणसं बसायची. एक चालवायचा. दुसरा शेजारच्या सीटवर बसून हाताने तेलाचा पंप मारायचा, प्रेशर बघायचा, टायर किती झिजले त्यावर लक्ष ठेवायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे वळून पाहायचा. मागून कोण येतंय, उजवीकडून येतंय की डावीकडून, हे तो चालकाला खुणेने सांगायचा. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून मांडीवर किंवा खांद्यावर थाप. त्याच्या हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, अंगावर पट्टा नाही. गाडी उलटली की तो बाहेर फेकला जायचा. शर्यत जिंकली की फोटो चालकाचा!

असा माणूस आपल्याही ओळखीचा आहे. हॉस्टेलमधून गावात जाताना स्कूटरवर मागे बसलेला आपला रूममेट काय करतो? मागून ट्रक आहे, थांब. आता घे उजवीकडे. अरे येऊ दे, येऊ दे त्याला... हे सगळं तोच सांगत असतो. आरसे नसलेल्या गाडीवर मागे बसलेला मित्र हाच आपला रायडिंग मेकॅनिक. आणि धोकाही त्याला तसाच. हेल्मेट बहुतेक वेळा पुढच्याच्या डोक्यावर असतं.

असो. 1909 च्या त्या अपघातांनंतर फिशर आणि त्याच्या भागीदारांनी संपूर्ण ट्रॅकवर विटा घातल्या. थोड्याथोडक्या नाही, सुमारे 32 लाख विटा! म्हणून त्या ट्रॅकला विटांचं अंगण अशा अर्थाचं टोपणनाव पडलं, ते अजून टिकून आहे, आणि सुरुवातीच्या रेषेवर एक यार्ड रुंदीचा विटांचा पट्टा आजही ठेवलेला आहे. 1910 च्या हंगामात हॅरूनने तिथे आणि इतरत्र इतकं चांगलं काम केलं, की पुढे त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता म्हणून त्याचं नाव नोंदवलं गेलं. आणि हंगाम संपल्यावर त्याने शर्यतीतून निवृत्ती घेतली! वय जेमतेम 31. त्याला डिझाइनच्या टेबलावर बसायचं होतं.

पण 1911 साठी ट्रॅकच्या मालकांनी एक अचाट बेत जाहीर केला. छोट्या छोट्या शर्यती बंद, त्याऐवजी एकच शर्यत, 500 मैलांची. म्हणजे सुमारे 805 किलोमीटर. मुंबईहून निघालेला माणूस जवळजवळ नागपूरला पोचेल एवढं अंतर, एका दिवसात, गोल गोल फिरत, 200 फेऱ्या. पहिल्या नंबरला बक्षीस 10,000 डॉलर. मार्मन कंपनीला आपली गाडी जिंकायला हवी होती, आणि त्यांनी हॅरूनला एकदाच परत ये म्हणून गळ घातली. तो आला.

त्याने जी गाडी तयार केली ती बघून लोक चकित झाले. सहा सिलिंडरचं इंजिन, क्षमता 477 घन इंच, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे 7800 सीसी. आपल्या 110 सीसीच्या स्कूटरच्या सत्तरेक पट. अंग लांबट, आणि शेपटी मागे टोकदार निमुळती होत गेलेली, हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. रंग पिवळा, त्यावर काळा. नंबर 32, आणि योगायोग म्हणजे हॅरूनचं वयही तेव्हा 32. रंग आणि टोकदार शेपटी यांच्यामुळे गाडीला नाव पडलं वास्प, म्हणजे गांधीलमाशी. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा मराठी शब्द मला आजीला फोन करून विचारावा लागला. तिने त्याच्यासोबत त्या माशीने चावल्यावर काय लावायचं तेही सांगितलं.)

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या गाडीत सीट एकच होती. रायडिंग मेकॅनिकला जागाच नाही. एक माणूस कमी म्हणजे वजन कमी, गाडी अरुंद, हवेचा विरोध कमी आणि टायर जास्त टिकणार. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने सगळा फायदाच. इथेच वाद पेटला. बाकीच्या चालकांनी हरकत घेतली, की हा माणूस एकटाच बसणार, मग मागून येणारी गाडी त्याला कोण सांगणार? 40 गाड्या एका ट्रॅकवर धावणार, त्यात एकजण मागचं न बघता चालवणार, म्हणजे तो आमच्याही जिवावर उठणार.

मला विचाराल तर ही हरकत अगदी रास्त होती. स्पर्धकांनी मत्सरापोटी केलेली कुरकुर म्हणून ती उडवून लावता येत नाही. आपल्या गाडीत बदल केला आणि त्याचा धोका दुसऱ्याला होत असेल, तर उत्तर द्यायची जबाबदारी बदल करणाऱ्याची.

हॅरूनने उत्तर दिलं. त्याला ती घोडागाडी आठवली. त्याने सुमारे 8 इंच लांब आणि 3 इंच उंच असा एक आरसा घेतला आणि आपल्या समोर, चार दांड्यांच्या चौकटीवर तो बसवला. झालं! मागचं बघणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी आरसा आला. गाडीला परवानगी मिळाली.

30 मे 1911. सुमारे 80 हजार प्रेक्षक जमले होते. हॅरूनची गांधीलमाशी 28 व्या जागेवरून सुटली. इतरांनी सुरुवातीलाच गाड्या दामटल्या, पण छोट्या प्रोफेसरचं गणित वेगळं होतं. त्याने टायरचा हिशोब करून ठेवला होता. ताशी 80 मैलांनी गेलं तर टायर भराभर झिजणार आणि बदलायला वारंवार थांबावं लागणार. ताशी 75 च्या आसपास राहिलं तर टायर कितीतरी जास्त टिकणार. म्हणून तो ठरवलेला वेग धरून चालत राहिला. मधल्या काही फेऱ्या, साधारण 35, सायरस पॅट्श्के नावाच्या बदली चालकाने मारल्या, आणि हॅरूनने तेवढी विश्रांती घेतली.

शर्यत ऐन सुरुवातीलाच रक्ताळली. बारा-तेरा फेऱ्या झाल्या असतील नसतील, आर्थर ग्राइनर या चालकाची गाडी ताब्यातून गेली. ग्राइनर वाचला. त्याच्या शेजारी बसलेला सॅम डिक्सन बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. तो रायडिंग मेकॅनिक होता.

मला वाटतं, हॅरूनच्या एका सीटच्या गाडीचा खरा अर्थ या एका ओळीत आहे. शेजारची सीट रिकामी असण्यात नुसता वजनाचा फायदा नव्हता. त्या सीटवरचा एक जीव धोक्याबाहेर होता. हॅरूनने असा विचार करून ती सीट काढली असा माझा दावा नाही, त्याचा हिशोब वेगाचा होता. पण परिणाम तोच.

6 तास 42 मिनिटं आणि 8 सेकंदांनी गांधीलमाशी पहिली आली. सरासरी वेग ताशी 74.6 मैल, म्हणजे सुमारे 120 किलोमीटर. गणित किती अचूक होतं बघा! दुसरा आला लोझियर गाडीचा राल्फ मलफर्ड, पावणेदोन मिनिटांपेक्षाही कमी फरकाने. मधल्या एका अपघाताच्या वेळी फेऱ्या मोजणाऱ्यांचा गोंधळ उडाला होता, त्यामुळे खरा विजेता मलफर्डच असं मानणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण आयोजकांनी कागद तपासून निकाल हॅरूनच्या बाजूने दिला. शर्यत संपवून तो गाडीतून उतरला आणि पुन्हा निवृत्त झाला. या वेळी कायमचा.

आता आरशाकडे येऊ. गोष्ट इथेच थांबवली तर फार छान वाटेल. हुशार इंजिनिअर, साधा आरसा, मोठा विजय. पण पुढे अनेक वर्षांनी खुद्द हॅरूननेच एक गोष्ट सांगून टाकली. विटांच्या ट्रॅकवर गाडी इतकी थरथरत होती, की त्या आरशात त्याला धड काहीच दिसत नव्हतं!

ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणजे हरकतीला उत्तर म्हणून आरसा लावला, आरसा दिसल्यावर सगळ्यांचं समाधान झालं, परवानगी मिळाली आणि प्रत्यक्षात मागचं काही दिसतच नव्हतं. आरसा असणं आणि आरशात दिसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट तपासणाऱ्याच्या समाधानासाठी असते, दुसरी आपल्या आणि मागच्याच्या जिवासाठी. पोलिसांनी पावती फाडू नये म्हणून जे दोन आरसे आपण गाडीला लावतो आणि आभाळाकडे तोंड करून ठेवतो, ते पहिल्या प्रकारात मोडतात.

आरसा थरथरला तर एवढं काय बिघडतं? हे सेकंड इयरच्या अभ्यासातूनच काढता येतं. आरसा 1 अंशाने हलला की परावर्तित किरण 2 अंशांनी हलतो. 20 मीटर मागे असलेल्या गाडीच्या बाबतीत हे 2 अंश म्हणजे सुमारे 70 सेंटिमीटर. म्हणजे मागच्या मोटारसायकलचा दिवा आरशात एका जागी राहतच नाही, त्याची एक रेघ होते. स्कूटरच्या आरशाची दांडी म्हणजे आपला कॅन्टिलिव्हर बीम, टोकाला वजन लावलेला. इंजिन 3000 आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला 50 झटके. दांडीची नैसर्गिक वारंवारता त्याच्या जवळपास असली की रेझोनन्स, आणि आरशात सगळं धूसर. म्हणूनच ठरावीक वेगालाच आरसा जास्त थरथरतो आणि वेग थोडा बदलला की शांत होतो.

आता कोपर आडवं येतं म्हणून बरेचजण लांब दांडीचे आरसे बसवतात. त्याने खांद्याच्या बाहेरचं दिसतं हे खरं. पण दांडीची लांबी 20 टक्क्यांनी वाढवली की तिचा कडकपणा सुमारे 58 टक्क्यांवर येतो, कारण तो लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून लांब दांडी घ्यायची तर ती जाडही हवी आणि नट घट्ट हवा. नाहीतर आपण हॅरूनचीच चूक, 1911 च्या विटांशिवाय, पुन्हा करणार. (आपल्याकडचे खड्डे विटांची कमी भरून काढतातच म्हणा.)

दुसरा प्रश्न आरसा किती रुंद दाखवतो याचा. हॅरूनच्या आरशाएवढा सपाट आरसा डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर धरला तर एका डोळ्याला जेमतेम 19 अंशांची पट्टी दिसते. तेवढाच आरसा 1.2 मीटर वक्रता त्रिज्येचा बहिर्वक्र घेतला तर सुमारे 38 अंश दिसतात, म्हणजे दुप्पट. पण फुकट काहीच मिळत नाही. याच आरशात 12 मीटर मागे असलेला ट्रक निम्म्या आकाराचा दिसतो, म्हणून डोळ्यांना तो 24-25 मीटरवर आहे असं वाटतं. आपण निवांत वळायला जातो आणि तो अंगावर असतो. मोटारीच्या आरशावर वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत अशी सूचना छापलेली असते ती याचसाठी.

म्हणून जादा आरसा लावायचाच असेल तर तो मूळ आरशाच्या जोडीला लावावा. मूळ आरशाने मागचं अंतर समजतं, आणि त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या छोट्या गोल बहिर्वक्र आरशाने बाजूला कुणी आलंय का एवढंच समजतं. तो हलका असतो, त्यामुळे थरथरही फार वाढत नाही. 1960 च्या दशकात इंग्लंडमधली तरुण पोरं आपल्या व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा स्कूटर्सना डझनावारी आरसे लावून फिरायची. दिसायला झकास! पण ती शोभा होती. ताशी 40 किलोमीटरला अर्धा सेकंद आरशात पाहिलं तरी आपण साडेपाच मीटर पुढे गेलेले असतो. दहा आरसे वाचायला वेळ कुणाला आहे? आरशाच्या आतल्या कडेला आपल्या कोपराची जेमतेम कड दिसावी, क्षितिज मध्यावर यावं, आणि वळण्याआधी एकदा मान वळवून बघावं. एवढं पुरतं.

हॅरूनच्या आयुष्याचा उरलेला भागही शर्यतीएवढाच रंजक आहे. तो मॅक्सवेल कंपनीसाठी रेसिंग गाड्या करू लागला, आणि त्याच्या कार्ब्युरेटरवर, चक्क रॉकेलवर, धावणारी मॅक्सवेल गाडी 1914 च्या 500 मैलांत नववी आली. मग त्याने मिशिगनमधल्या वेन इथे स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली. पण मुहूर्त चुकला. पहिलं महायुद्ध आलं, कारखाना तोफगोळे बनवण्यात गुंतला, आणि 1922 पर्यंत कंपनी बंद पडली. शर्यतीत टायरचा हिशोब अचूक करणाऱ्या माणसाला बाजाराचा हिशोब करता आला नाही. हेही आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं, विशेषतः ज्यांना शेवटच्या वर्षीच स्टार्टअप काढायचंय त्यांनी.

आणि एक सीटची गाडी? आयोजकांनी 1912 पासून रायडिंग मेकॅनिक सक्तीचा केला! आरशाचा विजय झाला असं म्हणायची सोय नाही. 1923 मध्ये ही सक्ती उठली, 1930 ते 1937 या काळात ती पुन्हा आली, आणि त्यानंतर कुठे शेजारची सीट कायमची गेली. मधल्या काळात ट्रॅक सुधारले, गाड्यांचे सस्पेन्शन सुधारले. साधा आरसा माणसाची जागा घेण्याइतका भरवशाचा व्हायला इतकं सगळं बदलावं लागलं.

शर्यतीला 50 वर्षं झाली तेव्हा, 1961 मध्ये, म्हातारा हॅरून पुन्हा एकदा त्याच गांधीलमाशीत बसून त्याच ट्रॅकवर फिरला. 19 जानेवारी 1968 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, इंडियानातल्याच अँडरसन गावी त्याचं निधन झालं. त्याची गाडी इंडियानापोलिसच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे, आरशासकट.

हॅरूनकडून नक्की काय घ्यावं याचा मी बराच विचार केला. जिंकणारे पुष्कळ असतात. पण आपल्या नावावर जमा झालेल्या गोष्टीबद्दल, ती त्या दिवशी चालली नव्हती, हे स्वतःहून सांगणारे थोडे. जर्नलमध्ये ऑब्झर्व्हेशन आधी आणि प्रयोग नंतर करणाऱ्या आपल्या जमातीला हे जरा झोंबेल. पण हॅरूनने खरं सांगितलं म्हणूनच आपल्याला कळतं, की काच बसवून काम संपत नाही, ती काच स्थिर ठेवण्याचं काम बाकी असतं. आणि ते काम मेकॅनिकलच्या माणसाचं आहे.

तेव्हा आज संध्याकाळी मेसला जाण्याआधी योग्य मापाचा पाना घ्या, नाहीतर वर्कशॉपमधल्या मामांकडे मागा. दांडीचा नट घट्ट करा. गाडीवर नेहमीसारखं बसून आरसा फिरवा. मग मित्राला मागे उजवीकडे, नंतर डावीकडे उभं करा आणि तो कुठे दिसायचा बंद होतो ते बघा. आणि रात्री स्टेशनवर जाताना त्यालाच मागे बसवणार असाल, तर त्याच्यासाठीही एक हेल्मेट घ्या.